एक नेट, तीन चुली

इथे बहुतेक जण जुन्या वाड्यांबद्दल, सणवारांबद्दल, आजीच्या हातच्या चवीबद्दल लिहितात. मीही आमच्या बडोद्याच्या घराबद्दलच लिहिणार आहे, पण विषय जरा निराळा आहे: आमच्या घरातलं वाय-फाय. हसू नका. एकत्र राहणाऱ्या घरांत पूर्वी नळाच्या पाण्यावरून, मग लाइट बिलावरून, मग टीव्हीच्या रिमोटवरून जे व्हायचं ते आता नेटवरून होतं. आमच्याकडे तर ते घर वाटून घेण्याच्या गोष्टींपर्यंत गेलं होतं. जुन्या जाड भिंतींच्या घरात एका कनेक्शनवर तीन बिऱ्हाडं चालवणारे इथे बरेच असणार, म्हणून सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर ग्वाल्हेरचं. १९९८ साली लग्न होऊन बडोद्याला आले आणि इथल्याच एका शाळेत बरीच वर्षं कॉम्प्युटर शिकवला. सासरचं घर दांडिया बाजाराच्या आतल्या गल्लीत आहे. आजेसासऱ्यांनी बांधलेलं. ते गायकवाडी संस्थानात हिशेबाच्या खात्यात कारकून होते. भिंती विटा-चुन्याच्या, पावणेदोन फूट जाड. मे महिन्यात बाहेरून आलं की ओटला ओलांडताच थंड वाटतं. तळमजल्यावर पुढे बैठक आणि मागच्या बाजूला आईंची, म्हणजे सासूबाईंची खोली. त्यांच्यासोबत मोठे भाऊजी आणि जाऊबाई. मधल्या मजल्यावर आम्ही. माडीवर धाकटे भाऊजी, धाकटी जाऊ आणि त्यांचा मुलगा, जो इंजिनिअरिंगला आहे. माझी मुलगी पुण्याला नोकरीत. चुली तीन, पण गणपती एक, महालक्ष्म्या एक, दिवाळीचा फराळ एक. लाइटचे मीटर वेगळे, घरपट्टी आणि पाणीपट्टी तिघांत, आणि २०२० पासून नेटही तिघांत.

लॉकडाऊनमध्ये आम्ही फायबरचं कनेक्शन घेतलं. वायर रस्त्यावरून आली म्हणून राउटर बैठकीत, दाराशेजारी बसला. तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. शाळा, ऑफिस, भजन, सगळं त्यावर चालून गेलं. २०२३ च्या पावसाळ्यापासून मात्र रात्री नऊच्या सुमारास नेट रोज रडायला लागलं. गोल चक्र फिरतंय, आवाज तुटतोय, चित्र थिजतंय. माडीवरून पुतण्याची हाक यायची, "काकू, नेट धीमुं छे!" आमच्याकडची पोरं चिडली की गुजरातीत जातात.

आता नऊच का महत्त्वाचे ते सांगते. माझी नणंद टोरंटोला असते. आपले रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्याच्या दिवसांत तिचे सकाळचे साडेअकरा. ती कामावर असते, आणि त्या सुट्टीत वीस मिनिटं आईंशी बोलते. आई चौऱ्याऐंशीच्या. कानाला मशीन आहे, पण खरं सांगायचं तर त्या ओठांवरून ओळखतात. समोरच्याचं तोंड दिसलं की अर्धं कळतं, बाकीचं मशीन भरून काढतं. त्यामुळे चित्र थिजलं की आपल्याला जसं "जरा आवाज तुटतोय" एवढंच होतं, तसं त्यांचं होत नाही. त्यांच्यासाठी लेक बोलायचीच थांबते. दोनतीन मिनिटं त्या फोनकडे बघत बसायच्या आणि मग "असू दे, तिला काम असेल" म्हणून फोन उलटा ठेवायच्या. असं आठवड्यात चार वेळा व्हायला लागलं.

मग शोध सुरू झाला, म्हणजे कारणाचा नाही, अपराध्याचा. तळमजल्याचं म्हणणं, वरचा पोरगा रात्रभर गेम खेळतो, तोच सगळं नेट खातो. माडीचं म्हणणं, खाली तीन-तीन कॅमेरे लावलेत त्यांचं काय? आमच्या मजल्याला दोन्हीकडून विचारलं जायचं, "तूच सांग, तू कॉम्प्युटरवाली ना?" हेल्पलाइनला फोन केला की राउटर बंद करून चालू करा म्हणायचे. एकदा त्यांचा माणूस आला, दुपारी तीन वाजता मोबाइलवर स्पीड दाखवला आणि म्हणाला, "बेन, अमारी लाइन तो एकदम ओके छे." दुपारी तीनला ओकेच होती हो!

एका रविवारी मोठे भाऊजी म्हणाले, आम्ही आमचं वेगळं कनेक्शन घेतो आणि पासवर्ड बदलतो. त्यावर धाकटे भाऊजी म्हणाले, मग पाणीपट्टीही वेगळी करू. मग कोणीतरी माडीच्या जिन्याचा विषय काढला. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे उद्या गणपतीही दोन आणायचे का?" कोणी उत्तर दिलं नाही. आई समोरच बसल्या होत्या. त्यांना ऐकू आलं नसेल, पण मगाशी सांगितलंच, त्या ओठ वाचतात.

मी त्या दिवशी एवढंच म्हणाले, की एक महिना थांबा, मी नोंद ठेवते. नेट कधी जातं, कुठे जातं, कोण किती वापरतं. नोंद बघून मग काय ते ठरवा. मोठे भाऊजी मानले, आणि त्याचं कारण घरातच आहे. माळ्यावरच्या पेटीत आजेसासऱ्यांच्या रोजकीर्दीच्या वह्या आहेत, मोडीत लिहिलेल्या. भाऊजींना थोडी मोडी येते. त्यात खर्चाबरोबर नळाला पाणी किती वाजता आलं, किती वेळ होतं, कोणत्या मजल्यानं आधी भरलं, हेही टिपलेलं आहे. तेव्हाही भांडणं असणारच, उगाच कोण कशाला लिहील? ज्याचे वडील-आजोबा पाण्याच्या हंड्यांची नोंद ठेवत, त्याला नेटची नोंद नको म्हणणं जड गेलं.

नोंद ठेवायला माणूस चोवीस तास बसणार नाही. त्यासाठी मी रास्पबेरी पाय लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा साधारण एटीएम कार्डाएवढा छोटा कॉम्प्युटर. इंग्लंडात केंब्रिजच्या मंडळींनी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून २०१२ साली बाजारात आणला, तेव्हा किंमत ३५ डॉलर होती. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, लागेल तेव्हा जोडायचा. हार्ड डिस्कच्या जागी मोबाइलमधलं छोटं मेमरी कार्ड. वीज मोबाइलच्या चार्जरइतकी. पुतण्याने शाळेच्या प्रदर्शनासाठी एक घेतला होता, थ्री बी प्लस नावाचा, तो टेबलाच्या खणात धूळ खात होता. त्यालाच कामाला लावला. आईंनी विचारलं, "कसला पाय?" मी ओठ हलवून सावकाश सांगितलं, "रास्पबेरी पाय." त्या म्हणाल्या, "घराला पाय लागला म्हणायचा."

काय काय केलं ते क्रमाने लिहिते, कारण कोणाला करायचं असेल तर हाच क्रम सोयीचा.

पहिलं, पाय राउटरला वायरने जोडला. हवेतून जोडला असता तर दोष वाय-फायचा की बाहेरच्या लाइनचा हे कळलं नसतं. जुन्या पायवर सगळ्यांचं नाव आणि पासवर्ड एकच असे, नाव 'पाय' आणि पासवर्ड 'रास्पबेरी'. २०२२ नंतरच्या सिस्टिममध्ये तो आपला आपण ठरवावा लागतो, पण जुनं कार्ड असेल तर आधी तो बदला. घराच्या पहारेकऱ्याच्या खोलीलाच कुलूप नाही, असं नको.

दुसरं, राउटरमध्ये जाऊन पायला कायमचा पत्ता दिला. घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक आकडी पत्ता वाटतो, बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. हे पत्ते बदलत राहतात. कॅमेरे, प्रिंटर, पाय, यांना ठरावीक पत्ता बांधून दिला की रोज शोधाशोध नको. सगळे पत्ते मी एका वहीत लिहिले. हो, कागदावर. नेट बंद असताना नेटवरची यादी काय कामाची?

तिसरं, दर मिनिटाला दोन हाका. पाय एक हाक राउटरला मारतो आणि एक बाहेर, इंटरनेटवरच्या एका कायम चालू असणाऱ्या पत्त्याला. याला पिंग म्हणतात. उत्तर किती वेळात आलं, आलं की नाही, हे तो टिपून ठेवतो. सगळी गंमत या दोन हाकांत आहे. राउटर उत्तर देतो आणि बाहेरचा देत नाही, तर दोष दाराबाहेर. राउटरच देत नाही, तर दोष घरात. डॉक्टर दोन ठिकाणी नाडी बघतो तसंच. याशिवाय तासातून एकदा तो स्पीड मोजायचा. आमचा प्लॅन शंभर एमबीपीएसचा, थ्री बी प्लस तेवढं आरामात मोजतो. त्याआधीचा थ्री बी असेल तर त्याचं वायरचं तोंडच शंभरचं आहे, हे लक्षात ठेवा, नाहीतर मोठ्या प्लॅनवाले कंपनीशी उगाच भांडाल.

चौथं, घरातल्या उपकरणांची शिरगणती. पाय सगळ्या पत्त्यांवर हाका मारून कोण कोण आहे ते विचारतो. आम्ही घरात आठ माणसं, आणि उपकरणं निघाली एकतीस! फोन, टीव्ही, कॅमेरे, लॅपटॉप, बोलका स्पीकर, पुतण्याचं घड्याळ, आणि माडीवरचा एक दिवा, जो नेटवरून लागतो. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातून आलेला एक क्रमांक असतो, मॅक अ‍ॅड्रेस. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून बनवणारी कंपनी कळते. त्यावरून ओळख पटवत गेलो. पाच क्रमांक कोणत्याच कंपनीचे नव्हते, तेव्हा मोठ्या भाऊजींचा चेहरा उजळला, चोर सापडला! पण ते आपलेच फोन निघाले. हल्लीचे फोन ओळख लपवायला खोटा क्रमांक वापरतात. अँड्रॉइडमध्ये ते दहापासून सुरू झालं, आयफोनमध्ये चौदापासून. ओळखायची खूण अशी की क्रमांकातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. त्या पाच जणांना फोनच्या सेटिंगमध्ये घरच्या नेटपुरता खरा क्रमांक वापरायला सांगितलं.

शेवटी एक उरलाच. एक स्वस्तातला मोबाइल, जो घरात कोणाचाच नव्हता. मी विचारलं तेव्हा मोठ्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, "समोरच्या दुकानवाल्याच्या मुलीचा असेल. शाळा बंद होत्या ना, तेव्हा ह्यांनीच पासवर्ड दिला होता. ओट्यावर बसून अभ्यास करायची." ती मुलगी आता बारावीत आहे. तिचा वापर बघितला तर नगण्य. भाऊजी काही बोलले नाहीत. आम्ही राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं जाळं असतं ते चालू केलं, त्यात तिचा फोन घातला. आपली उपकरणं तिला दिसत नाहीत, तिचं काम अडत नाही. दुसऱ्याला दिलेलं काढून घ्यायचं नसेल तर असंही करता येतं.

आता निकाल. चार आठवड्यांची नोंद मी एका आलेखात काढली आणि कागदावर छापून बैठकीत ठेवली.

पायकडून राउटरला मारलेली हाक दिवसरात्र चोख. बाहेरची हाक दिवसा चोख, पण रात्री पावणेनऊ ते साडेदहा या वेळात शंभरातल्या दहा-पंधरा हाकांना उत्तरच नाही, आणि स्पीड नव्वदवरून दहा-अकरावर. आठवड्यातले सहा दिवस तसंच. म्हणजे मुख्य दोष घराबाहेरचा. ना पुतण्याचा, ना कॅमेऱ्यांचा.

कोण किती वापरतं, ते राउटरच्याच पानावर दिसतं. तेही मांडलं. गेम खेळताना नेट फार लागत नाही, तासाला शे-सव्वाशे एमबीच्या आतच असतं. नवा गेम उतरवताना मात्र बरंच लागतं, आणि ते तो मध्यरात्रीनंतर करायचा. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ तासाला दोन-तीन जीबी घेतो. घरातला सगळ्यात मोठा खादाड निघाला बैठकीतला टीव्ही. मोठे भाऊजी म्हणाले, "मी तर फक्त बातम्या बघतो." जाऊबाई म्हणाल्या, "आणि कीर्तनं, आणि ते जंगलातले वाघ." त्या दिवशी किती तरी आठवड्यांनी माडी आणि तळमजला एकाच वेळी हसले.

पण आईंच्या खोलीचा प्रश्न यात पूर्ण सुटत नव्हता. लाइन चांगली असताना, सकाळीसुद्धा, त्यांच्याकडे चित्र अडकायचं. मग तिथे एक आणखी छोटा पाय ठेवला, झीरो डब्ल्यू, च्युइंगगमच्या पाकिटाएवढा. तो वाय-फायवरूनच राउटरला हाक मारायचा, आणि शंभरात वीस हाका हरवायच्या. मध्ये दोन जाड भिंती. वाय-फायचे पट्टे दोन. पाच गिगाहर्ट्‌झचा वेगवान असतो, पण आमच्या चुन्याच्या भिंतीपुढे नांगी टाकतो. अडीचच्या जवळचा, म्हणजे २.४ वाला, भिंतीतून जातो, पण त्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. आमच्या गल्लीत बघावं त्याचा राउटर ६ वर, आणि कॅमेरेही तिथेच दाटीवाटीने. आमचा ११ वर नेला. कॅमेऱ्यांना वायर दिली. आणि जुन्या लाकडी तुळईच्या कडेने एक केबल नेऊन आईंच्या खोलीत वाय-फायचं दुसरं केंद्र बसवलं. छिद्र पाडायला गवंड्याला लांब ड्रिल दोनदा बदलावं लागलं. म्हणाला, बेन, ही भिंत आहे की किल्ला?

बाहेरच्या दोषासाठी कंपनीला तीन वेळा तक्रार केली, पण आता आलेख जोडून. नेहमीचाच माणूस आला. मी त्याला रात्री नऊची रेघ दाखवली. बराच वेळ बघून म्हणाला, "आ तो सरस छे, अमारी पासे पण आवुं नथी." गल्लीच्या टोकाच्या डब्यात एकाच फायबरवर खूप घरं जोडली होती, रात्री सगळे एकदम बसले की कोंडी. आम्हाला दुसऱ्या फायबरवर घेतलं. पहिल्या तक्रारीपासून एकोणीस दिवस लागले. माणूस वाईट नव्हता. पुरावा असला की त्यालाही वरच्याशी बोलता येतं.

इथवर सगळं तांत्रिक झालं. खरं लिहायचं आहे ते पुढचं.

मी त्याच पायवर पाय-होल नावाची एक सोय चालवली. कोणत्याही साइटवर जायचं तर फोन आधी तिच्या नावाचा आकडी पत्ता विचारतो. तो विचारणारा प्रश्न पायकडून जाईल असं केलं, की पाय जाहिरातींच्या आणि फसव्या साइटींच्या नावांना पत्ताच देत नाही. आईंच्या फोनवर "तुम्हाला बक्षीस लागलं" अशी पानं उघडायची, ती थांबली. उत्तम सोय आहे. पण तिचा स्वभाव असा की कोणत्या फोनने कोणत्या वेळी कोणतं नाव विचारलं, हे सगळं ती लिहून ठेवते. आत काय वाचलं, काय लिहिलं, ते दिसत नाही. पाकिटावरचा पत्ता दिसतो, पत्र दिसत नाही. पण कोणाला किती पत्रं जातात हे कळलं तरी माणसाबद्दल पुष्कळ कळतं.

आठवड्याभरात धाकटी जाऊ दुपारची खाली आली. हातात वाटी, कसली तरी भाजी आणलेली. बसली, आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो. विचारलं तर दार लावून घेतो. दोन विषय राहिलेत. तुमच्याकडे दिसतं ना सगळं? बघा ना एकदा, कुठे जातो ते."

तिची काळजी खोटी नव्हती. मलाही मुलगी आहे, मीही रात्री जिन्याखालचा उजेड बघत जागले आहे. आणि मला खरंच दिसलं असतं. चार बटणं दाबायची होती.

मला त्या वेळी आठवली ती पत्रं. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडे फोन होता, पण ग्वाल्हेरला एसटीडी महाग. माझी आई दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायची. एकत्र घर, पोस्टमन ओट्यावर पत्र टाकणार, आणि ते उचलणार सासूबाई. मैत्रिणींकडून मी ऐकलं होतं, की सासरी पत्र आधी फुटतं आणि मग सुनेला मिळतं. आमच्याकडे आई ते पत्र माझ्या हातात द्यायच्या, बंद. कधी मी स्वयंपाकघरात असले तर माझ्या उशीखाली ठेवायच्या. नवीन सुनेला माहेराहून काय लिहून येतं हे जाणून घ्यावंसं त्यांना वाटलं नसेल का? वाटलंच असणार. पण इतक्या वर्षांत एकही पाकीट त्यांनी फोडलं नाही. या घरात मी टिकले त्याची जी कारणं आहेत, त्यातलं हे एक मोठं आहे, आणि मी त्यांना हे कधी बोलून दाखवलेलं नाही. आता लिहितेय.

मी जावेला सांगितलं, "मी बघणार नाही. आणि मीच नाही, कोणालाच बघता येणार नाही असं करते. तू त्याच्याशी बोल. नेटचा विषय काढू नकोस, झोपेचा काढ." ती जरा रुसून गेली. भाजीची वाटी मात्र ठेवून गेली.

पाय-होलमध्ये गुप्ततेच्या पायऱ्या असतात. सगळं दिसू द्यायचं, की साइटींची नावं झाकायची, की कोणत्या उपकरणाने विचारलं तेही झाकायचं. मी नावं आणि उपकरणं दोन्ही झाकली आणि आधीची नोंद पुसून टाकली. आता तिथे फक्त एवढं दिसतं, की आज घराने इतके प्रश्न विचारले आणि इतके अडवले. जाहिराती तशाच अडतात, कामात काही फरक नाही. संध्याकाळी पुतण्या आला. आईकडून त्याला कळलं असावं. म्हणाला, "काकू, तुम्ही बघितलंत?" मी म्हटलं, "नाही. ये, तूच तपास." त्याने ते सेटिंग स्वतः उघडून पाहिलं, काही न बोलता वर गेला. पुढे आठवड्याभराने माडीवर माय-लेकाचं रात्री उशिरापर्यंत बोलणं चाललं होतं. काय बोलले ते मला माहीत नाही. माडीवरचं माडीवर.

मग बैठकीत सगळ्यांनी मिळून चार नियम ठरवले आणि मीटरशेजारी कागद लावला. एक, लाइन चालू आहे की नाही आणि किती वापर झाला, याची नोंद राहील, कोण कुठे गेलं याची राहणार नाही. दोन, रात्री नऊ ते साडेनऊ आईंच्या खोलीला पहिला मान, मोठं काही उतरवायचं तर मध्यरात्रीनंतर. तीन, नवं उपकरण आणलं की वहीत लिहायचं, आणि त्याचा कारखान्यातला पासवर्ड बदलायचा, कॅमेऱ्याचा तर नक्कीच. चार, राउटरचा मुख्य पासवर्ड बंद पाकिटात देवघराच्या खणात राहील, तिन्ही घरांना माहीत असलेल्या जागी. चौथा नियम मोठ्या भाऊजींनी सुचवला. वेगळ्या कनेक्शनचा विषय त्यांनी मागे घेतला असं काही म्हणाले नाहीत, फक्त पुढच्या महिन्याच्या नेटच्या बिलाचा तिसरा हिस्सा नेहमीसारखा पहिल्या तारखेला आणून दिला.

दोन गोष्टी अनुभवातून. पायचं मेमरी कार्ड सतत लिहून लिहून झिजतं, म्हणून नोंदी शक्यतो मेमरीत ठेवून मधूनमधून कार्डावर उतरवाव्यात, आणि कार्डाची एक नक्कल काढून ठेवावी. दुसरं, राउटर आणि पाय दोन्हींना एक छोटा यूपीएस द्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, लाइट गेली, तेव्हा पायने लगेच दाखवलं की राउटर जागा आहे पण बाहेरची लाइन मेली आहे. मग राउटरशी झटापट न करता सरळ मोबाइलवरून टोरंटोला निरोप धाडला, की सगळे सुखरूप आहोत, आज चित्र नाही.

आणि एक लक्षात ठेवा. तुमच्याकडचं पोरगं किंवा सून हे सगळं लावून देईल, पण ते उद्या पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर परदेशी जाईल. कुठली वायर कुठे जाते, हे एकाच्याच डोक्यात राहू देऊ नका. आमची वही आता पुतण्याने पुढे चालवायला घेतली आहे. पहिल्या पानावर त्याने घराचा नकाशा काढलाय, तिन्ही मजले, सगळ्या वायरी, भिंतीतली छिद्रं. खाली त्याने आणि मोठ्या भाऊजींनी मिळून तारीख घातली आहे. पुतण्याची देवनागरीत, भाऊजींची मोडीत.

तुमच्या घरात कसं चालतं? इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादकडच्या मंडळींनी जरूर लिहा. तुमच्याही भिंती जाडच असतील.